बेलभंडारा आणि माझं लिव्हर

मु. हिर्डोशी, ता. भोर
फाल्गुन, होळीला आठ दिवस आहेत

कामथडीचे आमचे दाजी हनुमंतराव यांना, वयानं थोरल्या पण मानानं धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे या सावळारामचा, दोन्ही हात जोडून रामराम. माझ्या बहिणीला, सुलूला, आशीर्वाद. (ती घेईल की नाही माहीत नाही. नाही घेतला तर फळीवर ठेवून द्या, आशीर्वाद नासत नाही.)

तुमची प्रकृती कशी आहे? सुलूचा डावा गुडघा काय म्हणतो? थंडीत धरायचा, आता ऊन पडायला लागलंय तर सुटला असेल. हायवेकडच्या वावरातला कांदा काढला का? आमच्याकडं भात बरं झालं, नाचणी आमच्या आधी रानडुकरांनी चाखली, म्हैस व्याली, पारडी झाली. एकंदरीत घरी क्षेम आहे, आणि जे क्षेम नाही त्याच्यासाठीच हा कागद हातात घेतलाय.

फोन का केला नाही असं म्हणाल. दाजी, तीन वर्षांत तुम्हाला किती फोन लावले ते तुमच्यापेक्षा सुलूला जास्त ठाऊक. ती उचलते, "थांब हं दादा, बगते" म्हणते, आणि तुम्ही शेतात गेलेले असता. एकदा तुमच्याकडं असा पाऊस चालला होता की फोनमधनं मलाच भिजल्यासारखं झालं, तेव्हाही तुम्ही शेतात होता. एकदा तर "शेतात गेल्याती" असं ती सांगत असताना मागनं तुमचा खोकला ऐकू आला. मी मनात म्हटलं, शेत घराच्या जवळ आलं असेल. कागदाचं बरं असतं, तो एकदा दारात आला की त्याला मालक घरी नाहीत म्हणून परत लावता येत नाही.

सुलू तीन वर्षं माहेरी आली नाही. यंदा भाऊबीजेला तिनं चंद्राला ओवाळलं, असं कानावर आलं. (मला आमच्या मंडळींनी, सखूबाईनं, सांगितलं. तिला कुणी सांगितलं ते ती सांगत नाही, पण ती आणि सुलू एकमेकींशी रोज बोलतात हे मला कळत नाही असं दोघींना वाटतं.) ज्यांना भाऊ नाही त्या बाया चंद्राला ओवाळतात, दाजी. आणि मी हितं पाट मांडून, टोपी घालून, कोरा सदरा घालून बसलो होतो. त्या संध्याकाळी अंगणात जाऊन मी त्या चंद्राकडं बघितलं. द्वितीयेचा, नखाएवढा बारीक, पण काय खुशीत होता मेला!

तर आता दुखणं. दिवाळीनंतर माझा स्वभाव बिघडत गेला. म्हणजे आधी फार गोड होता असं नाही, पण सखूनं गरम भाकरी वाढली तर ती इतकी गोल कशाला केली म्हणून मी चिडायला लागलो. टीव्हीवर कुणा परक्याच्या पोरीचं लग्न मोडलं की माझ्या डोळ्यांना पाणी. सकाळी उठलं की अंग असं जड, जणू दुसऱ्याच कुणाचं उचलून चाललोय. उजव्या बरगडीखाली ओझं. शेजारच्या ठकुबाईनं दृष्ट लागली म्हणून मिरच्या उतरून चुलीत टाकल्या. दृष्ट असली तर ठसका लागत नाही म्हणतात. आमचं सगळं घर खोकलं, म्हैस खोकली, गल्लीतनं जाणारा टेम्पोवाला उतरून खोकला. तेव्हा दृष्ट नाही हे पक्कं झालं, आणि सखूनं मला धरून भोरला नेलं.

तिथं शुभ्राबाई म्हणून डॉक्टर आहेत. वयानं पोरगेल्याच, पण बोलणं कसं नांगराच्या तासासारखं सरळ. त्यांनी पोट दाबलं, रक्त काढलं, पोटावर गार चिकट काहीतरी लावून मशीन फिरवलं आणि म्हणाल्या, लिव्हरवर चरबी बसलीय, थोडी सूजही आहे. आणि मग, "आजोबा, घेता का?" दाजी, मी त्या टेबलावर उठून उभा राहिलो. म्हटलं, बाई, मी हिर्डोशीच्या दारूबंदी समितीचा अकरा वर्षं अध्यक्ष आहे, दोन गुत्ते मी माझ्या हातानं बंद केलेत, कलेक्टर कचेरीपर्यंत मोर्चा नेलाय. त्या म्हणाल्या, "बरं, खाली उतरा, आणि आधी शर्ट घाला."

मग कळलं की न पिणाऱ्यालाही हे होतं. चहा किती, म्हणून विचारलं. तुम्हाला माहीत आहे, गावात कुणाचं भांडण मिटवायचं, कुणाची सोयरीक जुळवायची, कुणाच्या बांधाची मोजणी, सगळीकडं मला बोलावतात आणि बसल्या जागी चहा येतो. नाही म्हटलं तर घर नाराज. सखूनं बोटं मोजायला घेतली. दोन्ही हात संपून ती पायांकडं बघायला लागली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला थांबवलं. त्यातनं तीन वेळा भात, त्यावर गूळ, आणि पोरानं मोटारसायकल घेतल्यापासून माझे पाय जमिनीला लागलेले नाहीत. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. झोप लागते का, मनाला काही लागून राहिलंय का, असं विचारलं. मी म्हटलं, छे छे. सखू म्हणाली, "हाय की! बहिणीशी तुटलंय. तीन सालं झाली. तवापास्नं ह्यो मानूस चहात साखर घालत न्हाई, साखरंत चहा घालतोय."

शुभ्राबाई हसल्या नाहीत. त्यांनी नीट सांगितलं. लिव्हर थकलं की माणूस थकतो, थकला की मन उतरतं, मन उतरलं की माणूस एका जागी बसून गोडधोड खातो, आणि ते सगळं पुन्हा लिव्हरवरच जाऊन बसतं. सुरुवात कुठनं झाली ते नेमकं सांगता येत नाही, दोन्हीकडनं जा-ये असते. (मी मनात म्हटलं, वरंधा घाटासारखं आहे. दरड कुठल्या का अंगाला पडेना, भोरच्याही गाड्या थांबतात आणि महाडच्याही.) औषधाचा कागद लिहिला: साखर बंद, रोज तासभर चालणं. तिसरं औषध त्यांनी लिहिलं नाही, तोंडी सांगितलं. "बहिणीचं काय ते बघा."

मी काही बघितलं नाही. मी एसटीत बसलो.

त्या एसटीनं माझा घात केला. सोनोग्राफीचा लिफाफा केवढा असतो ते तुम्हाला माहीत आहे, मांडीवर ठेवला तर शेजारच्याच्याही मांडीवर येतो. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, "अध्यक्ष, कशाचा फोटो काढला?" मी आपला खरं बोलणारा माणूस. म्हटलं, लिव्हरचा. "मग, काय निगालं?" म्हटलं, सूज. दाजी, गाडीत अशी शांतता पसरली की खिडक्यासुद्धा वाजायच्या थांबल्या. मागच्या बाकावरनं कुणी बाई हळूच "अगं बया" म्हणाली. गाडीला हिर्डोशीला यायला दीड तास लागला, बातमी मोबाईलवरनं पाच मिनिटांत पोचली होती. मी उतरलो तेव्हा स्टॉपवर जी माणसं उभी होती त्यांतल्या एकालाही कुठं जायचं नव्हतं.

पहिला भेटायला आला तो कोंडिबा. आमच्या गावात उघडपणे पिणारा तो एकटाच, बाकीचे माझा मान राखून चोरून पितात. पायरीवर बसला, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आण्णा, मला आदी का न्हाई सांगितलं? येकट्यानं घ्याची न्हाई. येकट्यानं घेतली की लिव्हरला लागती."

"अरे, मी पीत नाही!"

"म्या बी न्हाई," तो म्हणाला, "परवापास्नं." आणि जाताना दारातनं सखूला सांगून गेला, "वैनी, आण्णास्नी बोलू नगा. ह्या दुकन्यात मानूस लई हळवं व्हतं. माझं मला ठावं." तुम्ही हसाल, पण त्या आठवड्यात माझ्या पोटाची चौकशी करायला तीस-चाळीस माणसं आली, मनाची करणारा तो एकटाच होता. (आणि जी गोष्ट शुभ्राबाईंना इतकं शिकून कळली, ती कोंडिबाला न शिकता कळलेली होती. अर्थात त्यानंही त्याची फी मोजलीच आहे.)

साखरेपायी मी चहाच बंद केला, तर आगीत तेलच पडलं. ज्या घरी जाईन तिथं मी हात जोडायला लागलो. एका घरी कपाचा कान धरून माझ्यापुढं केलेला, मी नको म्हटलं, तर ती म्हातारी म्हणाली, "आता आमचा चहा कसा चालंल? आता दुसरंच चालतंय." आणि तो कप तिनं माझ्या तोंडासमोर स्वतःच पिऊन टाकला.

तिसऱ्या दिवशी अंबूबाई आली. ही समितीची उपाध्यक्ष. तिला मोर्च्यात घोषणा द्यायला मी शिकवलं, अर्ज करायला मी शिकवलं, साहेबापुढं खाली बघायचं नाही हे मी शिकवलं. ती माझ्यापुढंही खाली बघत नव्हती. मागं अकरा बाया. "आण्णा, नियम तुमीच केलाय. ज्येच्यावर संशय त्येनं भैरोबाच्या म्होरं बेलभंडारा उचलायचा. आमी न्हाई केला." मी म्हटलं, अगं, हा चहाचा आजार आहे. ती म्हणाली, "ती समदी काय तरी सांगत्यातच की. तुमीच म्हनायचा, सबब ऐकू नगा."

खरं होतं. हे मीच म्हणायचो. तेव्हा अंघोळ करून देवळात गेलो, गुरवानं उजव्या तळहातावर बेलाचं पान आणि मूठभर हळद ठेवली, आणि मी खणखणीत आवाजात बोललो की जन्मात दारूच्या थेंबाला शिवलो नाही. मला वाटलं, संपलं. कुठलं संपतंय! अध्यक्षानं भंडारा उचलला त्या अर्थी काहीतरी असल्याशिवाय उचलला नसणार, असं निम्म्या गावाचं मत पडलं. उरलेल्या निम्म्याचं मत असं की देवाला जरा वेळ द्या. दुसऱ्या दिवशी पारावर मला साधी शिंक आली तर तीन माणसं उठून लांब जाऊन बसली.

पण दाजी, मला सांगायचंय ते वेगळंच. ती हळद हातावर घेऊन उभा होतो, हळद बोटांच्या फटीतनं गळत होती, आणि त्या बाया माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होत्या. तेव्हा मला तुमचा चेहरा दिसला. तीन वर्षांपूर्वीच्या चैत्रातल्या जत्रेतला. तुम्ही पिशवीतनं औषधाची बाटली काढली, आणि मी जे दिसेल ते वाचत सुटणारा माणूस. किराणाच्या पुडीचा कागदही मी वाचल्याशिवाय टाकत नाही. मी बाटली वाचली. वर लिव्हरचं चित्र होतं. मला तेवढं बास झालं. तुम्हाला बाजूला नेऊन विचारायचं की नाही? नाही. भर सभामंडपात, तुमच्या सासरच्या माणसांपुढं, सुलू तुमच्या शेजारी उभी असताना मी म्हणालो, दाजी, आमच्या गावात नियम सगळ्यांना सारखा, भंडारा उचला. तुम्ही माझ्याकडं बघितलं. चिडलाही नाहीत. एवढंच म्हणालात, "आण्णा, माझ्या तोंडचा शबुद तुमाला पुरत न्हाई, आन् मूठभर हळद पुरती व्हय?" आणि सुलूला घेऊन निघून गेलात. मी लोकांकडं बघून मान हलवली, बघा म्हटलं, उचलला नाही. लोक वा वा म्हणाले. मला त्या दिवशी स्वतःबद्दल लई बरं वाटलं होतं, हे लिहिताना आता टोचतंय, आणि ते उजव्या बरगडीखालीच टोचतंय.

तुम्हाला काय झालं होतं, कशानं झालं होतं, ते मी आजवर विचारलं नाही आणि आताही विचारत नाही. तो हक्क मला तेव्हाही नव्हता. माझं चुकलं, दाजी. (हे तीन शब्द लिहायला तीन वर्षं लागली. कागद किती लागले ते चुलीला विचारा.)

समितीची बैठक बोलावून मी तो नियम रद्द करायला लावला. अंबूबाई सगळ्यांच्या देखत म्हणाली, "आपल्यावर आलं की नियम वाईट व्हय, आण्णा?" मी म्हटलं, व्हय. मला वाटतं अध्यक्षाच्या तोंडून सरळ उत्तर तिनं पहिल्यांदाच ऐकलं. मग तिनंच हात वर केला, आणि बाकीच्यांनी.

आता रोज सकाळी धरणाच्या पाण्याच्या कडेनं तासभर चालतो. पहिले चार दिवस कोंडिबा सोबत यायचा, मग त्याला अर्ध्या वाटेवर काम निघायला लागलं. बिनसाखरेच्या चहाबद्दल काय सांगू, पितो आणि गप्प बसतो. चार किलो उतरलो. गेल्या सोमवारी भोरला दाखवायला गेलो तर शुभ्राबाई कागद बघून खूष झाल्या, मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "चरबी हलायला लागलीय आजोबा, पण चेहरा आहे तिथंच आहे. मी सांगितलेलं तिसरं औषध घेतलं का?" मी म्हटलं, दुकानात मिळत नाही. तर सखू म्हणाली, "कामथडीला मिळतंय. ह्यास्नी जायाची लाज वाटती."

म्हणून हे पत्र. तुमच्याकडं मला काही मागायचं नाही. मन मोकळं केलं, लिव्हर हलकं झालं, संपलं. तुम्ही उत्तर लिहावं असंही नाही. प्रकृतीला जपा, उन्हात डोक्याला काही बांधल्याशिवाय कांद्यात बसू नका, आणि सुलूला गुडघा दुमडून बसू देऊ नका.

तुमच्या मानाला एकदा उणेपणा आणलेला आणि त्याची लाज वाटणारा,
सावळाराम

ता.क. मागायचं नाही असं वर लिहिलंय ते सखूनं वाचायला लावलं आणि ती म्हणाली, "मग कागद कशाला नासला?" तर मागतो. चैत्रात जत्रा आहे. सुलूला पाठवा. चुकलो, पाठवू नका, तुम्ही घेऊन या. ती एकटी आली तर माझी बहीण आली असं होईल. तुम्ही दोघं आलात तर माझी माणसं आली असं होईल.

ता.क. दुसरा. आता जे लिहितोय ते सखू म्हशीची धार काढायला गेलीय तोवर लिहितोय, म्हणून अक्षर घाईचं आहे. देवळात मी बोललो की जन्मात थेंबाला शिवलो नाही. हळद हातात असतानाच मला बिरवाडी आठवली. तुमच्या लग्नानंतरचा पहिला उन्हाळा, आपण दोघं घाट उतरून सुकी मासळी आणायला बाजारात गेलो होतो. परतताना एका माणसानं मडक्यातनं पांढरं, गार, आंबूस असं काहीतरी ओतून दिलं. तुम्ही म्हणालात, "नीरा हाय, मेव्हणं. पोटाला गार." मी तीन पेले प्यालो. नीरा सकाळची असते, दाजी. तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. घाट चढताना मी वाटेतल्या प्रत्येक दगडाला वाकून रामराम घातला, आणि सुकटीचं गाठोडं माझ्याच डोक्यावर असताना ते हरवलं म्हणून रडत बसलो. तुम्ही मला खांद्याला धरून घरी आणलंत, आणि उन्हाची तिरीप आली म्हणून सांगितलंत. बेचाळीस वर्षं झाली. सुलूलासुद्धा तुम्ही हे सांगितलेलं नाही, सांगितलं असतं तर सखूला कळलं असतं आणि सखूला कळलं असतं तर मी अजून ऐकत बसलो असतो.

आणि त्या जत्रेत, भर मंडपात, मी तुम्हाला भंडारा उचला म्हणालो, तेव्हा तुमच्या तोंडात हे होतं. एवढं एक वाक्य बोलला असता तर माझं अध्यक्षपद जागेवर गळून पडलं असतं. तुम्ही ते गिळलंत आणि निघून गेलात. मला वाटतं तुमच्या लिव्हरला तेच जड झालं असेल.

ता.क. तिसरा आणि शेवटचा, धार काढून झालीय. ती नीरा होती की ताडी, एवढं मला सांगा. पत्रात नको, तोंडी सांगा, हितं येऊन. माझं मन राखायला नीरा म्हणू नका. खरोखर नीरा असेल तर देवापुढं सुटलो. ताडी असेल तर भर मंडपात, सगळ्यांच्या देखत, माईकवर सांगा. माईक मी धरतो.